सोसायटी म्हणजे कोण?

आमच्या मुलीला पाचवीच्या वर्गात इंग्रजीच्या बाईंनी गृहपाठ दिला होता. विषय 'माय सोसायटी', ओळी दहा. रविवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी ती वही घेऊन आली. पहिली ओळ अशी होती की आमच्या सोसायटीला एक मोठे गेट आहे. दुसरी, गेटवर वॉचमन काका बसतात. तिसरी, आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत, पण एक बंद असते. मग पाण्याची टाकी, पार्किंग, मीटर रूमशेजारची मांजर. अशा नऊ ओळी झाल्या होत्या. दहावी सुचेना, म्हणून स्वारी आमच्याकडे आली होती.

आम्ही दोघेही हसलो. बाईंना बहुधा समाजाबद्दल चार शब्द हवे असावेत आणि मुलीने लिहिली इमारत. पण तिचे तरी काय चुकले? नेरूळमध्ये जन्मलेल्या पोरीने दुसरी कुठली सोसायटी पाहिली आहे? इथे रिक्षावाल्याला सेक्टर आणि सोसायटी सांगितली की पत्ता संपतो. शाळेतली मुलेसुद्धा एकमेकांना 'तू कुठल्या सोसायटीतला?' असेच विचारतात.

त्या दिवशी अब्बा गावाहून आलेले होते. रायगड जिल्ह्यात आमचे गाव आहे आणि थोडी भातशेती आहे. नातीने त्यांना वहीतले सगळे मराठीत समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "सोसायटीला गेट कशाला लागतं? एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि पावसाळ्याच्या तोंडाला खताची पोती. झाली सोसायटी."

आता हसायची पाळी नातीची होती.

खरे तर या शब्दावरून अब्बांचा आणि आमचा एकदा चांगलाच घोळ झाला होता. फ्लॅट घेतला त्या वर्षीची गोष्ट. फोनवर आम्ही सहज म्हणालो, "अब्बा, या महिन्यात पैसे पाठवायला उशीर होईल, सोसायटीचे भरायचे आहेत." पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग एकदम, "तुम्ही सोसायटीचं उचललं? मला न विचारता?" आम्ही बोलत होतो मेंटेनन्सबद्दल, ते ऐकत होते कर्जाबद्दल. आयुष्यभर व्याजाच्या भीतीने ज्या माणसाने सोसायटीची पायरी फक्त युरिया आणण्यापुरती चढली, त्याच्या मुलाने शहरात जाऊन पहिले काम केले ते सोसायटीचे पैसे उचलण्याचे, असे त्यांना वाटले. समजूत काढायला अर्धा तास लागला. तरीही शेवटी त्यांनी विचारलेच, "मग घर तुमचं आहे ना? स्वतःच्या घरात राहायचे पैसे कुणाला देता?"

अब्बांच्या सोसायटीचे पूर्ण नाव विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत या नावाचा बोर्ड दिसतो. तिथे 'सोसायटी' म्हणजे पीककर्ज, सोसायटीची निवडणूक, चेअरमन आणि मार्चअखेरची वसुली. वयाने ही सोसायटी आपल्या शहरी सोसायटीपेक्षा थोरली आहे. शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणून इंग्रज सरकारने १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात देशातली पहिली शेती पतसंस्था नोंदली गेली. दहा-वीस माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि गरजेच्या वेळी एकमेकांना जामीन राहायचे, अशी मूळ कल्पना होती. कल्पना किती चांगली! व्याज तेवढे आमच्या अब्बांच्या घशाखाली कधी उतरले नाही. आता बिनव्याजी व्यवहार करणाऱ्या काही पतसंस्थाही सहकार कायद्याखाली नोंदलेल्या आहेत आणि कागदोपत्री त्याही 'क्रेडिट सोसायटी'च आहेत. हे अब्बांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग नाव तरी बदला."

१९०४ च्या कायद्यात फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांना जागा होती. १९१२ साली नवा कायदा झाला, दार थोडे रुंद झाले, आणि इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. त्यातूनच १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे मुख्य गृहस्थ. नावावरूनच कळते की ती एका ज्ञातीच्या लोकांसाठी होती. मुंबईत नोकरीला आलेल्या कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्याची बरी घरे हवी होती, आणि ज्यांचा एकमेकांवर भरवसा होता ते एकत्र आले. त्यात त्या काळी कुणाला वावगे वाटले नाही, आणि तसे पाहिले तर आपल्याही जमातींच्या चाळी मुंबईत होत्याच. पण ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शहरातल्या 'सोसायटी' या शब्दात आपल्या ओळखीचे लोक हा अर्थ पहिल्यापासूनच आहे. आज आपण त्याच्याशी झगडतो, तेव्हा शंभर वर्षांच्या सवयीशी झगडत असतो.

नवी मुंबईचे मात्र वेगळे असायला हवे होते. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. शेतकऱ्यांच्या आणि मिठागरांच्या जमिनी घेऊन, कोऱ्या कागदावर आखलेले हे शहर. कोणताही जुना मोहल्ला नाही, आळी नाही, वाडा नाही. जमीन सिडकोची, ती साधारणपणे साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सोसायटीला दिलेली आणि आपण त्या सोसायटीचे सभासद. म्हणजे कागदावर पाहिले तर अब्बांचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. वाशीतल्या सिडकोने बांधलेल्या जुन्या जेएन टाइप इमारतींत तर कायद्याने सोसायटीच नाही. तिथे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचे ओनर्स असोसिएशन आहे. पण राहणारे सगळे 'सोसायटी'च म्हणतात. शब्दाने कायद्याला केव्हाच मागे टाकले आहे.

आणि बोर्डावर शेवटी काय लिहिलेले असते? 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित.' हे 'मर्यादित' सभासदाच्या पैशाच्या जबाबदारीपुरते असते. संस्था बुडाली तर तुमच्या अंगावर किती यावे, एवढाच त्याचा अर्थ. पण घर शोधत फिरणाऱ्या माणसाला त्याचा दुसरा अर्थ लवकर कळतो.

आम्हाला तो कळला लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. सुरुवातीला आम्ही गावठाणात भाड्याने राहत होतो. मालकीण आगरी, खाली त्या आणि वर आम्ही. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला हातात. घर दाखवताना ताईंनी एकच प्रश्न विचारला होता, "पाणी सकाळी सातपर्यंतच येतं, चालेल ना?" आमचे नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारले, तेही लाइट बिलासाठी. बाळ होणार म्हटल्यावर मोठे घर हवे झाले आणि आम्ही सेक्टरांकडे वळलो.

पहिल्या एजंटने घर दाखवले, मालकाला आम्ही पसंत पडलो, टोकनचे ठरले. संध्याकाळी फोन आला, "सॉरी हं, सोसायटी नाही म्हणते." दुसरीकडे, "मालकाचं काही नाही, सोसायटीला चालत नाही." तिसऱ्या एजंटने नाव ऐकताच आधीच सांगून टाकले, "तिथे नको, तिथली सोसायटी स्ट्रिक्ट आहे." अशी सात घरे झाली. सातही वेळा आम्ही विचारले, सोसायटी म्हणजे नेमके कोण? चेअरमन? सेक्रेटरी? कुणाशी बोलू? एकदाही नाव मिळाले नाही. म्हणते, चालत नाही, स्ट्रिक्ट आहे. जणू टॉवरच्या गच्चीवर सोसायटी नावाची एक बाई बसलेली असावी आणि तिने वरूनच मान हलवावी.

गावात असे होत नाही, हे अब्बांचे म्हणणे आम्हाला तेव्हा पटले. गावच्या सोसायटीने कर्ज नाकारले तर कुणी नाकारले हे अख्ख्या गावाला माहीत असते. त्याच्या दारात जाऊन भांडता येते. शहरात आम्ही कुणाच्या दारात जाणार? आणि गंमत म्हणजे शेवटी ज्या इमारतीत आम्हाला घर मिळाले, तिथे 'सोसायटी नाही म्हणेल' अशी भीती एजंटनेच घातली होती. सेक्रेटरी काकांना भेटलो, तर ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही."

म्हणून हे थोडे तपशिलाने सांगतो. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच घरांत हा प्रसंग येऊन गेला असेल किंवा येणार असेल.

घर विकत घेत असाल तर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा तुमच्या बाजूने बरेच काही बोलतो. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज दिल्यावर संस्थेने निर्णय कळवायचा असतो, आणि तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर तुम्ही सभासद झाल्याचे कायदा मानतो. नाकारलेच, तर निबंधकांकडे दाद मागता येते. म्हणून अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी 'नाही'ला कागदावर काही किंमत नसते, पण तेच 'नाही' माणसाला घरी पाठवते. भाड्याच्या घराचेही तसेच आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही. सोसायटीला कळवायचे, कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांना माहिती दिल्याचा कागद जोडायचा. बिनभोगवटा शुल्क घेता येते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. 'सोसायटी एनओसी देत नाही' हे वाक्य त्यामुळे बहुतेक वेळा कायद्याचे नसते, कुणाच्या तरी मनातले असते. अर्थात मालकालाच भाडेकरू नको असेल तर त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, आणि बरेच मालक सोसायटीच्या आड लपतात हेही खरे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अहमदाबादमधल्या एका पारशी हौसिंग सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सभासदत्व फक्त पारशांनाच, असा तिचा उपविधी होता. २००५ साली न्यायालयाने तो वैध ठरवला. कायद्याने मनाई केली नसेल तर लोकांना आपल्या मर्जीची संस्था काढण्याचे स्वातंत्र्य आहे, असा त्याचा आशय. म्हणजे नोंदलेल्या उपविधीत तसे असेल तर गोष्ट वेगळी. पण आम्हाला नकार मिळालेल्या सात ठिकाणी उपविधीचे नावही कुणी काढले नव्हते.

सभासद झाल्यावर आणखी एक शब्द भेटतो, नॉमिनी. त्याबद्दल आपल्या घरांत फार गैरसमज आहेत. सोसायटीच्या फॉर्मवर मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लिहिले म्हणजे घर त्याचे झाले, असे कित्येक वडीलधारे धरून चालतात. तसे होत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. मुलींचा आणि आईचा हिस्सा त्या फॉर्मने पुसला जात नाही. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर केले म्हणून वाटणीचा प्रश्न मिटत नाही. बहिणींना हे माहीत असलेले बरे.

असो. आम्ही शब्दाबद्दल बोलत होतो. मुलीने दहाव्या ओळीसाठी हट्टच धरला, तेव्हा आम्ही शब्दकोश काढला. इंग्रजी 'सोसायटी'च्या मुळाशी लॅटिन 'सोसियस' आहे, म्हणजे सोबती. आता हा 'सोबत' शब्द कुठला? अरबी 'सोहबत'. फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला की कुणाला तो बाहेरचा वाटत नाही. सहाबा त्याच धातूतून आले. आणि आपण ज्याला वाकून नमस्कार करतो तो 'साहेब'ही त्यातलाच, त्याचाही मूळ अर्थ सोबतीच. मुलीला हे फारच आवडले. दिवसभर ती वॉचमन काकांना 'साहेब' म्हणत होती.

अब्बांनी मग विचारले, सोसायटीला आपल्यात काय म्हणतात? उर्दूत मुआशरा, म्हणजे एकत्र जगणे. अरबीत आज मुजतमा म्हणतात. त्याचा धातू एकत्र येण्याचा. त्यातूनच जुमा, जामा मशीद, इज्तिमा आणि मराठीतले जमा-खर्च, जमाव, जमावबंदीसुद्धा. आणि अर्थात 'जमात'. कोकणातल्या आपल्या घरांत हा शब्द किती कामे करतो पाहा. नमाज जमातीने पढायची. मशीद, कब्रस्तान आणि लग्नाच्या मोठ्या देगी जमातीच्या. उर्दू शाळेतली चौथी जमात. सरकारी फॉर्मवर 'अनुसूचित जमाती', आणि वर्तमानपत्रात कुणाला नावे ठेवायची असली की 'ही जमातच तशी'. एकाच शब्दाने देग, वर्ग आणि शिवी सगळे वाहायचे. 'समाज'चेही तेच. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यात सगळ्या माणसांना जागा होती. आज 'आमच्या समाजात' म्हटले की ऐकणारा लगेच समजतो, अमुक एक जात किंवा धर्म.

त्याच काळात 'सोसायटी'ही मोठ्या कामाचा शब्द होता. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती पाश्चात्त्य ज्ञानाची पुस्तके देशी भाषेत आणण्यासाठी. ती पुढे अलीगढला गेली. पुण्यात १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आली. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजींनी सहकाऱ्यांसह १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम काढले. अंजुमन म्हणजे तरी काय, सभा, सोसायटीच. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आजही चालतो, आणि आपल्या कित्येक शाळा आणि वाचनालये त्याच्याखाली नोंदलेली आहेत. बाजूच्या दुकानात त्याच नावाचा चहाही मिळतो, पण अब्बांना तो कडक वाटत नाही.

इथपर्यंत सगळे छान चालले होते. मग मुलीने वहीतून डोके वर काढून विचारले, "मग आपल्या सोसायटीतल्या त्या नर्स दीदी का गेल्या?"

गेल्या वर्षापासून सेक्रेटरीपद आमच्या घरात आहे. कुणी घ्यायला तयार नव्हते, म्हणून आले. जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मालकाने फ्लॅट दोन मुलींना भाड्याने द्यायचे ठरवले. दोघी जवळच्या रुग्णालयात नर्स, एक सातारची, एक केरळची. रात्रपाळी असायची, त्यामुळे कधी पहाटे येणे, कधी मध्यरात्री जाणे. दोन कुटुंबांनी तक्रार केली. कमिटीत कुणी म्हणाले, बॅचलर नकोत, मुली असल्या तरी नकोत. उपविधीत असे काही नाही, हे आम्हाला चांगले ठाऊक होते. वर लिहिलेला सगळा कायदा आम्हाला तोंडपाठ होता. तरी वाद नको, आपण नवे, आपल्यावर आधीच लोकांची नजर, असे म्हणत आम्ही मालकाला पत्र लिहिले. 'सोसायटीच्या निर्णयानुसार कुटुंबालाच घर देण्यात यावे.' खाली सही आमची. सातारची मुलगी एकदा वर येऊन विचारून गेली, "काकी, कुणाला अडचण आहे? मी त्यांच्याशी बोलते." आम्ही तिला म्हणालो, "अगं, आमचं काही नाही. सोसायटीचं असं आहे."

महिन्याच्या आत त्या उलव्याला गेल्या.

मुलीला काय सांगायचे? तिला सांगितले, त्यांना दुसरीकडे घर मिळाले. ती म्हणाली, हो, पण का? अब्बा वर्तमानपत्र वाचत होते, निदान तसे दाखवत होते. दुपारी जेवताना त्यांनी एवढेच विचारले, "ते पत्र तुमच्या अक्षरात होतं?"

पुढच्या आठवड्यात वॉचमनने एक कुरियर वर आणून दिले. त्या दोघींपैकी एकीच्या नावाचे. नंबर होता, फोन केला. सातारची मुलगी नीट बोलली. उलव्याहून ड्युटीला यायला दोन बस लागतात म्हणाली. कुरियर गेटवर ठेवा, सुट्टीच्या दिवशी नेईन. आम्ही म्हणालो, गेटवर कशाला, घरी ये, जेवायलाच ये. ती म्हणाली, बघते. अजून आलेली नाही. पाकीट फ्रिजवर ठेवलेले आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आम्ही परवा लावली. दरवर्षी खाली 'सोसायटीच्या वतीने' एवढेच असते आणि एक वाचता न येणारी सही. या वेळी कमिटीच्या नऊही जणांची नावे आणि फ्लॅट नंबर टाइप करून घातले. दोघांनी नाराजी कळवली. विषय क्रमांक सहा, भाडेकरूंबाबत उपविधीप्रमाणे कार्यवाही करणे आणि जूनचे पत्र मागे घेणे. मंजूर होईल की नाही सांगता येत नाही. तक्रार केलेली दोन्ही कुटुंबे सभेला नेहमी येतात, ज्यांना काही अडचण नसते ते येत नाहीत. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. गणसंख्या भरली नाही तर अर्धा तास थांबून पुन्हा घ्यायची आहे. खुर्च्या आम्ही पन्नास सांगितल्या आहेत.